सासूबाईंच्या कार्डावरचा स्लॉपी जो: कमी मिठाच्या प्रयोगाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवून स्वयंपाकाला लागले. सासूबाईंचं पाककृतीचं कार्ड डब्यातून काढलं. कडेला केचपचा जुना डाग, आणि खाली त्यांच्या हाताने लिहून अधोरेखित केलेलं एक वाक्य: चरबी ओतून टाकू नये.

कार्ड स्लॉपी जोचं, म्हणजे टोमॅटोच्या गोडसर रसातला खिमा भरलेल्या बनाचं. ते असं. दीड पौंड बीफचा खिमा (सुमारे ६८० ग्रॅम, २० टक्के चरबीचा), एक कांदा, एक हिरवी ढोबळी मिरची, एक कप केचप, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, एक मोठा चमचा पिवळी मोहरी, एक मोठा चमचा वूस्टर सॉस, एक छोटा चमचा मीठ. सगळं एकत्र शिजवून सहा बनांत भरायचं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शाळेच्या जेवणात, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत, फुटबॉलच्या रात्री, सगळीकडे हेच.

सासरे गेल्या शरद ऋतूपासून आमच्याकडे सीडर रॅपिड्सला राहतात. डिसेंबरच्या तपासणीत रक्तदाब पुन्हा चढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि दिवसाचं सोडियम २३०० मिलिग्रॅमच्या आत, जमलं तर १५०० च्या जवळ ठेवायला सांगितलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचेही आकडे हेच. सासरे बाकी सगळ्याला हो म्हणाले. डबाबंद सूप सोडलं, लोणच्याची काकडी सोडली. रविवारच्या स्लॉपी जोबद्दल मात्र काहीच बोलले नाहीत, आणि ते गप्प बसलेलं मला पाहवलं नाही. सासूबाई गेल्याला आता तीन वर्षं होतील.

रात्री लेबलं समोर ठेवून हिशोब केला. केचपच्या एका मोठ्या चमच्यात १८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे कपभरात २८८०. छोटा चमचाभर मीठ सुमारे २३००. मोहरी १७०, वूस्टर १९५, मांसातलं मूळचं ४५०. एकूण सहा हजारांच्या घरात. सहा वाटे केले की प्रत्येकी हजार, वर बनाचं २२०. एका सँडविचमागे १२२०. सासरे दोन खातात. दोनांतच दिवसाची मर्यादा ओलांडली गेली, आणि अजून सकाळचा नाश्ता धरलेला नाही.

मला वाटत होतं की दोष मिठाच्या चमच्याचा असेल. केचपचा वाटा त्याहून मोठा निघाला. साखरही तिथेच: केचपमधली ६४ ग्रॅम, ब्राऊन शुगरची पंचवीसेक. माणशी १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ चार चमचे, तेही तिखटमिठाच्या पदार्थात.

६ जानेवारी

सासऱ्यांना केचप कमी करण्याबद्दल विचारलं. ते मस्काटीनचे. इथून सव्वा तासावरचं मिसिसिपीकाठचं गाव. तिथे केचपवाल्या हाइन्झचा कारखाना १८९३ पासून आहे, आणि टोमॅटोच्या दिवसांत गावभर कसा वास सुटायचा हे ते आजही डोळे मिटून सांगतात. त्याच गावात १९२६ साली फ्रेड अँजेल नावाच्या खाटकाने मेड-राइट हे खाण्याचं दुकान सुरू केलं. वाफवलेला मोकळा खिमा बनमध्ये भरून चमच्यासकट द्यायचा, सॉस अजिबात नाही. त्याला इथे ‘लूज मीट’ म्हणतात. सासऱ्यांच्या मते लूज मीट आणि स्लॉपी जो यांची गल्लत करणारा माणूस आयोवाचा नव्हेच.

नाव कुठून आलं याच्या गोष्टी अनेक. सू सिटीतल्या जो नावाच्या स्वयंपाक्याने लूज मीटमध्ये टोमॅटो सॉस घातला, ही इथली आवडती गोष्ट. हवाना आणि की वेस्टमधल्या त्याच नावाच्या बारचेही दावे आहेत. १९६९ मध्ये हंट्सने मॅनविच हा डबाबंद सॉस बाजारात आणला, आणि मग तर हा पदार्थ घरोघरचा झाला.

या गप्पांतून एक कळलं. टोमॅटो हवाच, गोडसर आंबटपणा हवा, आणि रस बनमधून मनगटापर्यंत ओघळला पाहिजे. तो ओघळ हीच त्याची ओळख. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन अटी लिहिल्या: बीफ राहील. ओघळ राहील. चव त्यांच्या ओळखीची राहील.

१२ जानेवारी, रविवार

पहिली अट मीच मोडून पाहिली. टर्कीचा खिमा, बाकी सगळं निम्मं. फिकट, कोरडं, रस एकीकडे आणि दाणे एकीकडे. सासऱ्यांनी अर्धं खाल्लं आणि सॅलड मागून घेतलं. टर्की बाद.

१९ जानेवारी, रविवार

९३ टक्के बिनचरबीच्या मांसाचा, म्हणजे ७ टक्के चरबीचा खिमा आणला. चार औंस कच्च्या खिम्यात ८ ग्रॅम चरबी. २० टक्क्यांच्या खिम्यात तीच २३. केचप पूर्ण काढून मीठविरहित टोमॅटो पेस्टचा १७० ग्रॅमचा डबा घेतला. अख्ख्या डब्यात सोडियम जेमतेम १००. मीठ शून्य.

कागदावर फार छान दिसत होतं. ताटात कच्च्या टोमॅटोचा करकरीत, धातूसारखा स्वाद आला. मांस करडं पडलं. बनखाली पाण्याचं तळं साचलं, तेही गुलाबी पाण्याचं. ओघळ होता, पण चुकीचा.

दोन चुका स्पष्ट दिसल्या. पेस्ट मी पाण्यात कालवून वरून ओतली. वाटण न परतता आपण कधी रस्सा करतो का? टोमॅटो पेस्ट हेही वाटणच आहे, ते तेलावर परतायलाच हवं. दुसरी चूक, मांस थंड पातेल्यात टाकून ढवळत बसले. पाणी सुटलं आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकडलं.

२१ जानेवारी

वसईला आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, “अगं बाय, हा खिमापावच की! आलं-लसूण घाल, गरम मसाला घाल, मिठाची आठवणसुद्धा येणार नाही.” आईचा खिमा म्हणजे आमच्या घरातला नाताळ. लहानपणी तो बैलाच्या मांसाचा असायचा. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात तेही बंद झालं, तेव्हापासून ती मटणाचाच करते. मसाला मिठाची जागा भरून काढतो हे तिचं म्हणणं अगदी खरं आहे.

२६ जानेवारी, रविवार

आईचं ऐकलं. आलं, लसूण, जिरेपूड, दालचिनी, लवंग, शेवटी लिंबू. मीठ पाव चमचा. माझ्या नवऱ्याने तीन खाल्ले. मला स्वतःला वसईच्या घरातल्या ओट्यापाशी उभं असल्यासारखं वाटलं.

सासऱ्यांनी दोन खाल्ले, बशी पुसून घेतली आणि म्हणाले, “फार सुरेख झालंय. याला काय म्हणतात?”

हा प्रश्न ऐकून मी थांबले. त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. पदार्थ उत्तम होता, आरोग्याचा होता, आणि त्यांचा नव्हता. त्यांच्या पानातून मीठ काढायचं आहे, सासूबाईंना काढायचं नाही. खिमा आपण खिमा म्हणून करू, बुधवारी करू. रविवारी मसाल्याचा डबा उघडायचा नाही, असं वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

आईचं एक मात्र ठेवलं. फोन ठेवताना ती म्हणाली होती, “आंबट नीट लागलं की खारट कमी लागतं. विंदालूत बघ.” अॅपल सायडर व्हिनेगर दीड मोठा चमचा, शेवटच्या पाच मिनिटांत. सुरुवातीला घातलं तर धार बोथट होते.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लांब होणार, कारण आज पदार्थ पहिल्यांदा वळणावर आला.

आळंबी. इथे पांढरी बटण आळंबी बारमाही मिळतात, पण मी तपकिरी घेतली. टोमॅटोत आणि आळंबीत ग्लुटामेट असतं, तोच मांसल, तोंडात रेंगाळणारा स्वाद. आळंबीत ग्वानिलेट नावाचा आणखी एक घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की स्वाद कितीतरी पटींनी वाढतो. मीठ कमी केल्यावर जी पोकळी राहते ती बरीचशी याने भरते.

पहिल्या फेरीत खिमा आणि आळंबी निम्मे निम्मे घेतले. मऊ गिच्च झालं, दाताखाली काही येईना, बन घसरून पडला. दुसऱ्या फेरीत पौंडभर खिम्याला अर्धा पौंड आळंबी. हे बसलं. जिभेला बीफच लागतं, आणि मांस दीड पौंडावरून एक पौंडावर आलं तरी सहाचे सहा सँडविच भरतात.

चिरण्याला महत्त्व आहे. आळंबी हाताने चिरली की तुकडे दिसतात आणि सासरे बाजूला काढतात. मिक्सरमध्ये थांबत थांबत सात-आठ वेळा फिरवली की ज्वारीच्या भरड्यासारखी होतात. त्यांचा लगदा होऊ द्यायचा नाही.

मग बिडाची कढई, चांगली तापलेली, त्यात कोरडीच आळंबी. तेल नाही, मीठ नाही. आधी पाणी सुटतं, खळखळ उकळतं, मग आटतं, आणि मग कढईतून चर्र आवाज येऊ लागतो. तो आवाज बदलेपर्यंत थांबायचं. साधारण आठ मिनिटं लागतात. सहाव्या मिनिटाला घाई केली तर ते पाणी नंतर बनमध्ये येतं. काढून ठेवायची.

त्याच कढईत एक मोठा चमचा तेल. खिमा कागदाने टिपून कोरडा केलेला, हाताने चपटा थापून भाकरीसारखा पसरायचा आणि चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलथायचं, मग बटाटे कुस्करायच्या दांडीने मोडायचं. सासूबाई काट्याने मोडायच्या. दांडीने दाणा जास्त बारीक आणि एकसारखा येतो. दोन आठवड्यांपूर्वीच्या करड्या मांसाशी याची तुलनाच नको. मिठाविना नुसतं चाखलं तरी चव होती.

कांदा, ढोबळी मिरची, एक किसलेलं गाजर. गाजर गोडव्यासाठी, ते शिजून विरघळतं, दिसतही नाही. मग मधे जागा करून टोमॅटो पेस्ट, लाल रंग विटेसारखा होईपर्यंत परतायची, तीन मिनिटं. कच्चा वास तिथेच जातो.

सासरे म्हणाले, “जवळ आलीस.” काय कमी आहे ते त्यांना सांगता येईना. बराच वेळ चघळत बसले आणि शेवटी म्हणाले, “मस्काटीन कमी आहे.”

४ फेब्रुवारी

केचप परत. कपभर नाही, दोन मोठे चमचे. सोडियम ३६०, साखर ८ ग्रॅम, तीही सहा जणांत. केचपचा स्वाद नुसत्या टोमॅटोचा नसतो. लवंगेचा, व्हिनेगरचा आणि साखरेचा ठरावीक मेळ असतो आणि त्यांची जीभ तो साठ-सत्तर वर्षं ओळखते. तो पूर्ण काढण्याचा हट्ट मी करायला नको होता.

पिवळ्या मोहरीऐवजी मोहरीची पूड. बाटलीतल्या मोहरीत मीठ असतं, पुडीत नसतं. वूस्टर पूर्ण मोठा चमचा ठेवला. त्यातल्या अँकोव्ही माशांचा आंबवलेला स्वाद १९५ मिलिग्रॅमच्या मोबदल्यात खूप काही देतो. जिथे सोडियम चव आणतं तिथे ते खर्च करावं, जिथे नुसतं पडून असतं तिथे वाचवावं.

९ फेब्रुवारी, सुपर बोलचा रविवार

चौदा माणसं. तिप्पट प्रमाण, स्लो कुकरमध्ये दुपारपासून. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आमचा संघ चीफ्स हरला, ४०-२२, घरात शांतता पसरली. माझ्या कुकरातही बिघडलं होतं. झाकणाखालची वाफ थेंब होऊन परत पडत राहिली आणि संध्याकाळपर्यंत सगळं पातळ. चरबीच्या खिम्यात हे लपतं, कारण चरबी आणि केचपची साखर मिळून रस धरून ठेवतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत. मग पाणी धरणार कोण?

पाहुणे काही बोलले नाहीत, भांडं रिकामं झालं. पण ओघळ पुन्हा पाण्याचा होता, आणि मला तो दिसत होता.

११ फेब्रुवारी

ही नोंद ठळक करून ठेवते आहे. एका मैत्रिणीने कमी सोडियमच्या मिठाची बाटली आणून दिली, प्रेमाने. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. वापरण्याआधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना फोन केला. सासरे रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल घेतात. या गटातल्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं, त्यावर असं मीठ खाल्लं तर पातळी धोकादायक चढू शकते आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तरी तेच. बाटली सासऱ्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे. ज्यांच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नये. साधं मीठच, पण मोजून.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाणी धरणारं सापडलं, आणि तेही घराजवळ. सीडर रॅपिड्समध्ये क्वेकर कंपनीची ओट्सची प्रचंड मोठी गिरणी आहे. वारा आमच्या बाजूचा असला की गोड तृणधान्याचा वास अंगणात येतो. आज सकाळी तो वास आला आणि आठवलं, सासूबाई मीटलोफमध्ये, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या लादीत, मूठभर ओट्स घालायच्या.

बारीक, लवकर शिजणारे ओट्स, दोन मोठे चमचे, कपभर पाण्याबरोबर. दहा मिनिटांत विरघळले. रसाला चकाकी आली, दाटसर झाला, दाण्याला चिकटून राहिला. परीक्षा अशी: डाव कढईच्या तळातून ओढायचा, मागची वाट दोन सेकंद मोकळी राहून मग बुजली पाहिजे. लगेच बुजली तर पातळ. बुजलीच नाही तर ओघळ येणार नाही, पाण्याचा हबका द्यायचा. तीन चमचे घालून पाहिले तेव्हा खिरीसारखं झालं. दोनच.

बन तव्यावर कोरडा भाजायचा, आतली बाजू खाली. भाजलेला पापुद्रा रस थोपवतो. लोण्याची गरज लागली नाही. कणकेच्या बनांना सासरे तयार नाहीत, तो वाद मी घातला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं प्रमाण पक्कं धरते.

७ टक्के चरबीचा बीफ खिमा एक पौंड, तपकिरी आळंबी अर्धा पौंड, कांदा एक, हिरवी ढोबळी मिरची एक, गाजर एक, तेल एक मोठा चमचा. मीठविरहित टोमॅटो पेस्ट एक डबा, पाणी एक कप, ओट्स दोन मोठे चमचे. केचप दोन मोठे चमचे, वूस्टर एक मोठा चमचा, मोहरीची पूड एक छोटा चमचा, धुरकट पाप्रिका अर्धा छोटा चमचा, ब्राऊन शुगर दोन छोटे चमचे. व्हिनेगर दीड मोठा चमचा, शेवटी. मीठ पाव छोटा चमचा, गॅस बंद करताना. वरचं मीठ जिभेला आधी लागतं आणि कमी पुरतं.

सोडियम: मांस ३००, पेस्ट १००, केचप ३६०, वूस्टर १९५, मीठ ५७५, भाज्यांचं पन्नासेक. सहा वाटे केले की प्रत्येकी साधारण २६५, वर बन २२०. एक सँडविच ४८५ च्या आसपास. दोन खाल्ले तरी हजाराच्या आत. वरची साखर माणशी तीन ग्रॅमहून कमी. चरबी कच्च्या खिम्याच्या हिशोबाने माणशी २३ ग्रॅम होती, आता तेल धरून साडेसात-आठ. आता राहिलेल्यात सर्वांत मोठा वाटा बनाचा आहे, त्यामुळे पुढचं काम घरी बन भाजण्याचं.

रक्तदाब थोडा उतरला आहे. तो या सँडविचने उतरला असं मी लिहिणार नाही. गोळी वाढली आहे, ते रोज अर्धा तास चालतात, सूप सुटलं आहे. रविवार परत आला, एवढं मात्र खरं.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी बघायचं नाही असं ठरवून बेसिनकडे वळले होते. मागून आवाज आला, “तिने मिरची याहून मोठी चिरली असती.” पदार्थ काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. वळून पाहिलं तर रस मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत गेला होता आणि त्यांनी तो पुसला नव्हता.

पुढच्या वेळी मिरची मोठी चिरायची. जुन्या कार्डाला हात लावलेला नाही. माझं नवं कार्ड त्याच्या मागे, त्याच डब्यात.

७ मार्च, शुक्रवार

बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लागली, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला. शुक्रवारी मी मांस खात नाही. सासरे लूथरन पंथाचे, त्यांना तो नियम नाही. दुपारी ते फ्रीजरमधून स्वतःच डबा काढून गरम करताना दिसले. गोठवल्यावर ओट्सचा रस फुटत नाही, फक्त दोन चमचे पाणी घालून हलवावा लागतो. व्हिनेगरची धार जराशी बोथट होते, ते थेंबभर वरून घालावं.

मी माझ्यापुरता मसूर याच सॉसमध्ये शिजवून पाहिला. बरा झाला, पण सॉस जास्त पितो. पाणी दीड कप लागेल.

फ्रीजरमध्ये दोन डबे उरलेत. रविवारी दुप्पट प्रमाण करायचं आहे. आळंबी आणि मोहरीची पूड आणायची.